डॉक्सवाल्यांनो, रविवारच्या आधी हे वाचा

मंडळी, गोडोचं (गेम बनवायच्या ओपन सोर्स इंजिनचं) पुढचं व्हर्जन फीचर फ्रीझला गेलं की नवीन काही घेत नाहीत, फक्त बग फिक्स, म्हणजे डॉक्स (वापराची माहिती देणारी पानं) लिहायला खरा वेळ तोच, आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजच्या आधीचं जवळपास अंतिम व्हर्जन) आल्यावर धावपळ करून काय उपयोग. क्लास रेफरन्स (प्रत्येक क्लासची माहिती) इंजिनच्याच रेपोत (कोड ठेवायच्या जागेत) एक्सएमएल फाइल्समध्ये असतो, ती पानं त्यातूनच आपोआप बनतात, ट्युटोरियल्स मात्र वेगळ्या डॉक्स रेपोत, तरी दरवेळी कोणीतरी भलतीकडेच पीआर (बदल घ्या अशी विनंती) टाकतं!! जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून कायनेमॅटिकबॉडी (कोडने हलवायच्या पात्राच्या नोडचं जुनं नाव) दिसलं तर बदला, ४.० पासून (मार्च २०२३) ते कॅरेक्टरबॉडी झालंय. रविवारी सकाळी दहाला कोथरूडला नेहमीच्या जागी पानं वाटून घेऊ. मेट्रोने नळस्टॉपला उतरा, कर्वे रोडला पार्किंग विसरा. लॅपटॉप चार्ज करून आणा, प्लग दोनच आहेत.