नळाच्या पाळीची पाटी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यातल्या दांडिया बाजारातला आमचा वाडा गेल्या महिन्यात उतरवला. पुण्या-मुंबईला जाऊन राहिलेले बडोदेकरही आपलं वर्तमानपत्र वाचतात, म्हणून हे लिहिते आहे.

वाड्यात सहा बिऱ्हाडं आणि चौकात एकच नळ. सयाजीराव महाराजांनी बांधलेला आजव्याचा तलाव १८९२ मध्ये पुरा झाला. सासूबाई नळाच्या पाण्याला शेवटपर्यंत ‘आजव्याचं पाणी’च म्हणायच्या. १९७१ साली मी लग्न होऊन आले तेव्हा नळाच्या वर पत्र्याची पाटी होती. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत सहा आडनावं, पाळीच्या क्रमाने. पहिली पाळी शाळेतल्या बाईंची, त्यांना सातची घंटा गाठायची असे. शेवटची जिन्याखालच्या आजींची. त्यांना दोनच घागरी लागत. पण त्या तापाने पडल्या की माणिकरावांच्या आखाड्यातून मल्लखांब करून आलेली मुलं आधी त्यांच्या घागरी भरायची, मग स्वतःच्या आंघोळीचं बघायची. पाळीवरून भांडणंही व्हायची. सकाळी जिच्याशी भांडावं, तिच्याच घरून संध्याकाळी शेवउसळीची वाटी यायची.

ती पाटी भंगारात चालली होती, मी मागून घेतली. घरी आणून ओल्या फडक्याने पुसली, खिडकीशी तिरकी धरली, तर प्रत्येक नावाखाली आणखी नाव! बिऱ्हाड बदललं की मामंजी जुन्या नावावर पांढरा हात मारून नवं लिहीत. तिसऱ्या ओळीत तीन थर आहेत. सगळ्यात खालचं ‘वैद्य’ की ‘वैशंपायन’, लागत नाही. ‘वै’ तेवढा स्पष्ट दिसतो.

दांडिया बाजार म्हटलं की लोक अरविंद घोष राहत ते घर दाखवतात, आणि ते दाखवायलाच हवं. आमच्या बिऱ्हाडकरूंची नोंद मात्र या पत्र्याखेरीज कुठेच नाही. भाडेपावत्या मामंजींच्या माघारी रद्दीत गेल्या, त्याची मला आजही चुटपुट लागते.

चौकात नळ, नळाशी तुळस, जिन्याची खालून चौथी पायरी मोडकी, अशा वाड्यात आपल्या घरचं कुणी राहिलं असेल, तर आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवाव्यात. आडनाव आणि साल एवढं पुरे. ‘वै’च्या घरच्यांनी तर अवश्य लिहावं. पाटीवरची नावं मी वहीत उतरवली आहेत, त्यात तिसरी ओळ मोकळी सोडली आहे.

आपली,
दांडिया बाजारातली एक जुनी रहिवासी,
हल्ली मुक्काम मांजलपूर, बडोदे