सांगकाम्या शिव्या पकडतो, आकडे माणसालाच पकडावे लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पत्रव्यवहारात एका मुख्याध्यापकांचे पत्र वाचले. त्यांच्या शाळेतल्या मुलाने प्रकल्पासाठी विकिपीडियावरून माहिती उतरवून घेतली, तीत एक धादांत चुकीचे वाक्य निघाले आणि भर वर्गात सरांना ते खोडावे लागले. जिथे कुणीही येऊन काहीही लिहून जातो तिथे पहारा कुणाचा, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि मुलांना तिकडे फिरकूच देऊ नये, असा सल्ला. सल्ला मला पटला नाही. प्रश्न मात्र रास्त आहे. गेली नऊ वर्षे मी त्याच पहाऱ्यावर बसते, म्हणून उत्तर लिहिते आहे.

सांगलीतल्या एका छापखान्यात मी २२ वर्षे मुद्रिते तपासली. काम सुटले तरी डोळ्यांची खोड सुटेना, तेव्हा मराठी विकिपीडियावरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लागले आणि तिथेच रमले. रात्री जेवणे आटोपली, ओटा आवरला की तासभर 'अलीकडील बदल' हे पान उघडून बसते. कोणत्या लेखात, किती वाजता, कुणी, किती मजकूर घातला किंवा काढला, हे तिथे ओळीने दिसत असते. ओळीवर टिचकी मारली की जुना मजकूर डावीकडे आणि नवा उजवीकडे. हस्तलिखित आणि गॅली, म्हणजे छपाईआधीचा कच्चा छाप, शेजारी-शेजारी ठेवून जन्मभर वाचले, त्यामुळे हे काम मला कधी परके वाटले नाही.

लेखाची मुद्दाम केलेली नासधूस, तिला विकिपीडियावर आम्ही 'उत्पात' म्हणतो. कुणी पानच्या पान पुसून टाकतो, कुणी पुढाऱ्याच्या नावापुढे शिवी लिहितो, कुणी आपल्या मित्राचे नाव थेट महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या यादीत घालतो. आणि जो संगणकीय कार्यक्रम माणसाच्या वतीने न थकता ठरलेले काम करत राहतो त्या बॉटला आमच्याकडे 'सांगकाम्या' असा शब्द आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. पुढे त्यावरच्या मंडळींनी जे शब्द रुळवले त्यांत मला हा सर्वांत आवडतो. सांगितले तेवढे तो चोख करतो, आणि न सांगितलेले त्याला कळत नाही. दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आल्या.

सरांना ज्या पहाऱ्याची काळजी आहे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्रजी विकिपीडियावर आहे. तिथे २०१० च्या अखेरीपासून 'क्लूबॉट एनजी' नावाचा सांगकाम्या काम करतो. लोकांचा समज असतो की त्याच्याजवळ शिव्यांची यादी असेल आणि यादीतला शब्द दिसला की तो बदल उडवत असेल. तसे नाही. आधी माणसांनी बसून हजारो बदल वाचले आणि हा उत्पात, हा प्रामाणिक बदल, अशी निवड करून ठेवली. त्या निवडीवरून तो शिकला. कोणता शब्द कोणत्या प्रकारच्या बदलात किती वेळा येतो, किती मजकूर पुसला गेला, एकच अक्षर किती वेळा ओढत नेले आहे, सगळे कॅपिटल अक्षरांत आहे का, लिहिणारा नवखा आहे का, अशा कितीतरी खुणा एकत्र तोलून तो प्रत्येक बदलाला शून्य ते एकच्या दरम्यान गुण देतो. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले की काही सेकंदांत बदल परतवतो आणि करणाऱ्याच्या चर्चा पानावर सूचना ठेवतो. तीत हेही लिहिलेले असते की माझी चूक झाली असेल तर कळवा. त्याच माणसाने त्याच पानावर पुन्हा तसाच बदल केला तर हा सहसा दुसऱ्यांदा हात लावत नाही. वाद माणसांवर सोडतो. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते.

ती रेषा कुठे आखायची, हा सगळ्यांत नाजूक भाग. बनवणाऱ्यांनीच सांगितलेला हिशेब असा: हजार प्रामाणिक बदलांमागे फार तर एक चुकून परतवला जावा, अशा बेताने रेषा ठेवली तर एकूण उत्पातापैकी साधारण ४० टक्के पकडला जातो. रेषा सैल करून हजारामागे अडीच चुका चालवून घेतल्या तर ५५ टक्क्यांपर्यंत मजल जाते. त्यांनी पहिला पर्याय धरला. म्हणजे निर्दोष माणसाला चोर ठरवू नये म्हणून निम्म्याहून अधिक चोर मुद्दाम पुढच्या पहारेकऱ्यासाठी सोडले. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की उरलेले ६० टक्के माणसांच्या गळ्यात आहेत.

२०११ च्या पूर्वार्धात हा सांगकाम्या चार वेळा बंद पडला, कधी काही दिवस तर कधी काही आठवडे. स्टुअर्ट गायगर आणि अॅरन हाफेकर या दोन संशोधकांनी त्या काळातले बदल तपासून २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की सांगकाम्या नसताना उत्पात परतवायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, पण शेवटी तो परतवला गेलाच. माणसे होती, त्यांनी भार उचलला. हे मी दोनदा वाचले, कारण इंग्रजीकडे ती माणसे आहेत. आपल्याकडे रात्री अकरा वाजता 'अलीकडील बदल' पाहणारे किती जण असतील, हे मी तिथे दिसणाऱ्या सहीच्या नावांवरून सांगू शकते. बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग इंग्रजीतला सांगकाम्या उचलून मराठीत का आणू नये, असे मला माझ्या भाच्याने विचारले. त्याला मी जे सांगितले तेच इथे लिहिते. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, तेव्हा आरडाओरडा ओळखण्याची एक मोठी खूण जाग्यावरच बाद होते. आपला शब्द विभक्तीने बदलतो: गाढव, गाढवाने, गाढवाच्या, गाढवांना. शिकवायचे तर प्रत्येक रूपासाठी उदाहरणे हवीत, आणि माणसांनी निवडून ठेवलेले हजारो मराठी बदल आणायचे कुठून? नुसती शब्दांची यादी करून संपादन गाळणी, म्हणजे यादीतला शब्द असलेला बदल आपोआप अडवणारी सोय, लावली तर काय होते, यासाठी गद्धेगाळचे उदाहरण पुरेसे आहे. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात शिलाहारकाळापासूनच्या या दानशिळा उभ्या आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. दिलेले दान जो मोडेल त्याच्या आईचा उद्धार करणारी शापवाणी काही शिळांवर चक्क मराठीत कोरलेली आहे, आणि आपल्या भाषेच्या जुन्या नमुन्यांत ती मोजली जाते. ती ओळ जशीच्या तशी लेखात घालणारा अभ्यासक त्या गाळणीला उत्पाती वाटणार. आणि त्याच आशयाची शिवी आज एखाद्या जिवंत माणसाच्या लेखात कुणी घातली, तर तो खरोखर उत्पात. शब्द तेच असतील. भेद कळतो तो वाचणाऱ्याला.

शब्दांच्या वाटेला न जाणारी साधनेही आता आली आहेत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने लहान भाषांसाठी स्वयंचलित गस्तीची सोय तयार केली, तुर्की विकिपीडियाने ती २०२४ मध्ये वापरायला घेतली. तिच्यामागचे गणित भाषा न वाचता बदल तोलते: संदर्भ किती गेले, दुवे किती तुटले, मजकूर किती घटला, बदल करणारा किती जुना. पाने पुसणाऱ्यांसाठी हे उत्तम आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. रात्रीचा अर्धा तास वाचला तर तो मी लेख वाचण्यात घालवीन.

पण आता मी ज्यासाठी लेखणी उचलली ते सांगते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री कळसूबाईच्या लेखात एक बदल दिसला. मजकूर वाढला शून्य, घटला शून्य. शिवी नाही, दुवा तुटलेला नाही, संदर्भ जागच्या जागी. उघडून पाहिले तर शिखराची उंची १६४६ मीटर होती तिची कुणीतरी १४६६ केली होती. चार आकडे तेच, फक्त मधले दोन जागा बदलून बसलेले. छापखान्यात हा प्रकार मी शेकडो वेळा पकडला आहे, म्हणून डोळा तिथेच अडला. कोणत्याही सांगकाम्याने याला शून्याच्या जवळचे गुण दिले असते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १४६६ मीटरचे, हे मूल वहीत लिहून नेईल, परीक्षेत लिहील, आणि तपासणारा घाईत असेल तर बरोबरची खूणही मिळेल. मी आकडा परतवला. खाली पाहिले तर त्याच हाताने आणखी तीन किल्ल्यांच्या उंच्या बदललेल्या होत्या. त्यांतली एक माझ्या आधी नऊ दिवस तशीच होती. ते नऊ दिवस मला अजून टोचतात.

अशा शांत खोट्याचा सर्वांत गाजलेला प्रकार अमेरिकेतला. जॉन सिगेंथालर हे नामवंत पत्रकार, रॉबर्ट केनेडींचे एके काळचे सहायक. २००५ च्या मे महिन्यात त्यांच्या लेखात कुणीतरी लिहिले की राष्ट्राध्यक्ष जॉन आणि रॉबर्ट या केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. वाक्ये व्याकरणशुद्ध, सूर गंभीर. चार महिन्यांहून अधिक काळ ती तशीच राहिली. सरांच्या विद्यार्थ्याला मिळालेले वाक्यही याच जातीचे असणार, असा माझा अंदाज आहे. कारण शिवी असती तर मुलानेच गाळली असती.

एक गोष्ट मात्र पहाऱ्यावरच्या आम्हां माणसांनाही ऐकवली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या कार्यशाळेत एका मुलीने आपल्या गावच्या यात्रेवर लेखात परिच्छेद घातला. मराठी सुरेख, पालखीचा मार्ग, मानकऱ्यांचा क्रम, सगळे बारकाव्याने. संदर्भ देणे तेवढे राहिले होते. दहा मिनिटांत एका अनुभवी सदस्याने तो सगळा परतवला आणि 'उत्पात' एवढा एकच शब्द कारणाच्या रकान्यात लिहिला. ती मुलगी समोरच्या बाकावर होती. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारले, "मॅडम, मी काय वाईट लिहिलं?" मी समजावले, गॅझेटियरमधला उल्लेख शोधून परिच्छेद परत घातला, तो आज लेखात आहे. ती मुलगी परत आली नाही. सांगकाम्या निदान 'चूक असेल तर कळवा' असे लिहून जातो. आम्ही तेही लिहिले नाही.

आपल्या व्यवसायालाही एक विनंती. विकिपीडियाचे बिघडवलेले पान कुणी मोबाइलवर टिपून पाठवले की अनेक वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. छापण्याआधी लेखाच्या वरचा 'इतिहास' उघडावा. तो मजकूर किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे तिथे मिनिटासह असते. चार मिनिटे टिकलेल्या शिवीची बातमी दुसऱ्या दिवशी लाखो घरांत जाते, आणि नऊ दिवस टिकलेल्या चुकीच्या उंचीची कुणाला खबर नसते.

मुख्याध्यापक सरांना माझे सांगणे एवढेच की मुलांना तिथून हाकलू नका, घेऊन या. आठवी-नववीच्या मुलाला जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा. ती आपल्यापेक्षा लवकर शोधतात. आपल्या तालुक्याविषयीच्या लेखांपैकी प्रत्येकाने एक-एक लेख आपल्या पहाऱ्याच्या सूचीत, म्हणजे ज्यांतले बदल दिसत राहतात त्या यादीत, घेतला तरी चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस लेख राखले जातील.

आणि तोवर, त्या प्रकल्पातले ते वाक्य कोणत्या लेखातले होते, हे त्यांनी आपल्या दैनिकामार्फत मला कळवावे. ते अजून तिथे आहे का, कोणत्या तारखेला आत आले आणि त्याच हाताने आणखी कुठे काय बदलले आहे, हे मी त्याच रात्री पाहीन.

— एक मुद्रितशोधक, सांगली