वली म्हणजे ‘दैवत’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या उरुसाची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मुंबई पोलिसांच्या मानाच्या संदलचे (चंदनाच्या मिरवणुकीचे), जत्रेतल्या पाळण्यांचे आणि हलव्याच्या दुकानांवरच्या गर्दीचे वर्णन छान उतरले आहे. मात्र त्यात बाबांना ‘मुस्लिम बांधवांचे दैवत’ म्हटले असून भाविकांनी ‘समाधीची पूजा केली’, असेही लिहिले आहे. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असणार, यात शंका नाही. पण बाबा वली, म्हणजे संत आहेत, देव नव्हेत. ज्या एका गोष्टीवर इस्लाम उभा आहे, नेमकी तीच या दोन शब्दांनी उलटी होते, म्हणून हे पत्र.

पाच वेळच्या नमाजांत मिळून सतरा फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजाची आवर्तने) असतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, येते. ‘आम्ही तुझीच उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो’, हे वचन तिच्यातलेच. उपासना आणि याचना या दोन्ही एका अल्लाहसाठीच, हा तौहीदचा अर्थ. त्यात दुसऱ्या कुणाला भागीदार करणे म्हणजे शिर्क. अखेरच्या आजारपणात खुद्द पैगंबरांनी, ज्यांनी आपल्या पैगंबरांच्या कबरींची उपासनास्थळे केली त्यांचा धिक्कार केला, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

कबरपूजेला होणारा विरोध अरबस्तानातून अलीकडे आयात झाला आहे, असे हल्ली सर्रास ऐकू येते. अठराव्या शतकात मुहंमद इब्न अब्दुल वह्हाब यांनी त्याची चळवळ केली आणि पुढे विसाव्या शतकात सौदी राजवटीने मदिनेतील बकी कबरस्तानावरचे घुमट पाडले, हे खरे आहे. त्या पाडापाडीचे समर्थन मी करणार नाही. पण ज्यांचे अनुयायी आपल्याकडे दर्ग्यांत मोठ्या संख्येने दिसतात, त्या बरेलीच्या अहमद रझा खान यांनीही कबरीपुढे सजदा करणे, म्हणजे कपाळ जमिनीला टेकणे, मग तो केवळ सन्मानाचा का असेना, हराम ठरवले होते. तेव्हा सजद्याबाबत वादच नाही. वाद आहे तो मागण्याबाबत.

माझी आई मूळची रत्नागिरीकडची. दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर ती दर्ग्यात जायची, जाळीबाहेर उभी राहून पदर कपाळावर ओढायची आणि ओठांतल्या ओठांत फातिहा पढायची. लहानपणी एकदा मी कान देऊन ऐकले, तेव्हा ती म्हणत होती, ‘या अल्लाह, तुझ्या या वलीच्या सदक्याने माझ्या पोराचा ताप उतरव.’ शेजारची बाई जाळीला धागा बांधताना म्हणत होती, ‘बाबा, मुलगा द्या, चांदीचा पाळणा वाहीन.’ दोघींच्या कोपरांत वीतभर अंतर होते. आईच्या मागण्याला, म्हणजे वलीचा हवाला देऊन अल्लाहकडेच मागण्याला, वसीला म्हणतात. बरेलवी आणि देवबंदी या दोन्ही सुन्नी पंथांच्या उलेमांना (धर्मपंडितांना) तो सर्वसाधारणपणे मान्य आहे. अहले हदीस पंथाचे लोक मात्र मृताचा वसीला नाकारतात आणि पैगंबरांच्या निधनानंतर पडलेल्या दुष्काळात खलिफा उमर यांनी पैगंबरांना नव्हे, तर त्यांचे हयात असलेले काका अब्बास यांना पुढे करून पावसाची दुआ मागितली, हा दाखला देतात. त्या दुसऱ्या बाईच्या मागण्याचे समर्थन करणारे सांगतात की देणारा अल्लाहच, बाबा केवळ निमित्त. मला ते पटत नाही, कारण कुरआनच्या ३९व्या सूरहच्या तिसऱ्या आयतीत मक्केचे मूर्तिपूजकही, आपले देव आपल्याला अल्लाहच्या जवळ नेतात म्हणूनच आपण त्यांना भजतो, असेच सांगताना दिसतात.

कबरीवर जाणेच निषिद्ध आहे, असा मात्र याचा अर्थ कुणी घेऊ नये. पैगंबरांनी आधी केलेली मनाई पुढे स्वतःच उठवली, कारण कबर पाहून परलोकाची आठवण होते. आई गेली तेव्हा तिच्या कबरीत तीन मुठी माती लोटताना, याच मातीतून तुम्हांला घडवले, हिच्यातच परत नेऊ आणि हिच्यातूनच पुन्हा उठवू, ही सूरह ताहामधली आयत आम्ही पढलो. तिच्या कबरीवर ना चौथरा, ना नाव. वीतभर उंचवटा, एवढेच. मी जातो तो तिच्याकडे काही मागायला नव्हे, तिच्यासाठी मागायला.

जाता जाता हाजी अलीविषयी. तेथील मजारीपर्यंत, म्हणजे संताच्या कबरीपर्यंत, महिलांना जाऊ द्यावे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी दिला. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणे इस्लाममध्ये मोठे पाप आहे, असा विश्वस्तांचा युक्तिवाद होता. कबर चुन्याने बांधू नये आणि तिच्यावर इमारत उभारू नये, ही पैगंबरांचे सहकारी जाबिर यांनी सांगितलेली हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. पण घुमटाखाली बसून ती कोण काढणार?

मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे मुळात आलिम, म्हणजे धर्मपंडित, होते. त्यांनी अरबीत कुरआनचे ‘तबसीर-उर-रहमान’ हे भाष्य लिहिले. त्यात एका आयतीचा पुढच्या आयतीशी असलेला धागा त्यांनी उलगडला आणि प्रत्येक सूरहच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या सूरहच्या विषयाला धरून वेगवेगळा लावून दाखवला. चादर वाहायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न मी आमच्याच लोकांना विचारत असतो. आपल्याला एवढीच विनंती, की पुढच्या उरुसाच्या बातमीत ‘दैवत’ऐवजी ‘वली’, ‘समाधी’ऐवजी ‘मजार’ आणि ‘पूजा’ऐवजी ‘जियारत’ (कबरीची भेट) असे छापावे. आणि पाळण्यांच्या छायाचित्राशेजारी जागा उरलीच, तर दोन ओळी त्या भाष्यावरही द्याव्यात.

आपला,
एक वाचक, माहीम, मुंबई