या वयात शर्यत कशाला, म्हणालीस ना

सातारा, रविवार

चि. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, सायकल चालव ना, कोण नको म्हणतंय? पण शर्यत कशाला? कासच्या रस्त्यानं आपल्या चालीनं जा, फोटो काढ, परत ये." तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, बाबा समोर बसले होते, आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून लिहायला बसलेय.

कासचा रस्ता मी सोडलेला नाही. समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरचा चढ लागला की गिअर बदलून साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर घ्यायची, म्हणजे पायडल हलकं होतं, आणि श्वास मोजत राहायचं. गावापासून कास पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आणि वर पोचेपर्यंत साडेचारशे-पाचशे मीटर तरी चढलेले असतो. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, म्हणून तेव्हा आम्ही उजाडताना वर जातो आणि गर्दी व्हायच्या आत खाली येतो. घाटात वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नाही, त्यामुळं वाऱ्याचा प्रश्नच नसतो. तिथं फक्त तुझं वजन आणि तुझे पाय. कुणी पुढं असो, मागं असो, चढ ज्याचा त्यालाच काढावा लागतो. तू म्हणतेस तसं "आपल्या चालीनं" जायला घाट उत्तम आहे.

कोरेगावचा रस्ता मात्र वेगळा. माहुलीचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा होतो, वेग पंचवीस-तीसवर जातो, आणि तिथं सगळी लढाई हवेशी असते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, हे तुला मी काय सांगणार. ताशी तीसच्या वेगानं जाताना आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. पण कुणाच्या तरी चाकाच्या अगदी मागं राहिलं तर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. आणि ही गोष्ट एकटीनं करता येत नाही गं.

पहिल्यांदा गटाबरोबर गेले तेव्हा मागून एकजण सारखा ओरडत होता, "चाक धरा मॅडम, चाक धरा!" म्हणजे पुढच्याच्या चाकामागं चिकटून राहा. माझं पुढचं चाक आणि पुढच्या सायकलीचं मागचं चाक यांत हातभर अंतर, आणि मला वाटत होतं की आता पडलेच. त्या चाकाकडं बघायचंच नसतं. पुढच्याच्या खांद्यांवरून पलीकडचा रस्ता बघायचा. अचानक ब्रेक दाबायचा नाही. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि मोठ्यानं ओरडायचं. माझा आवाज काही दिवस फुटतच नव्हता. भर रस्त्यात बाईमाणसानं "खड्डाऽऽ" म्हणून ओरडायची सवय कुठं असते? आता फुटतो. पुढं जायची पाळी आली की जोशात वेग वाढवायचा नाही, आहे तोच ठेवायचा. दम संपायच्या आत बाजूला व्हायचं, मागं सरकायचं आणि शेवटचं चाक धरायचं. हे शेवटचं चाक धरणंच सगळ्यात अवघड, कारण पुढचं काम संपलं म्हणून अंग सैल पडतं आणि तेवढ्यात गट निघून जातो. तुझ्या आजोळी भांगलणीला सावड असते बघ, आज तुमच्या रानात, उद्या आमच्या, अगदी तसं. जी आपली पाळी चुकवते तिला कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आता शर्यतीचं. आम्हा बायकांना पुरुषांबरोबरच सोडलं. आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुरुवातीच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, रस्त्याकडेच्या एका घरातल्या आजींनी दार उघडलं म्हणून निभावलं. झेंडा पडला आणि पुरुष असे सुटले की पहिल्या दोन वळणांतच आमच्यातल्या बहुतेक जणी विखुरल्या. वळणावर पुढचे जरासे हळू होतात आणि बाहेर पडताना झपाट्यानं वेग घेतात. मागच्यांना तेच अंतर भरून काढायला जीव काढून पळावं लागतं, आणि हे प्रत्येक वळणाला. दोन सायकलींएवढी फट पडली की सगळा वारा तुझ्या छातीवर. मग ती फट वाढतच जाते. त्याला सुटणं म्हणतात. मी सुटले. रस्त्यावर एकटी, समोर कुणी नाही, आणि डोक्यात तुझाच प्रश्न, हे कशासाठी?

तेवढ्यात मागून एक शिक्षिका आली. कोरेगावकडची, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. ती काही बोलली नाही, नुसती पुढं होऊन कोपर हलवलं, म्हणजे चाक धर. थोड्या वेळानं मी पुढं, मग ती, मग मी. आमची ओळख नव्हती. पण तिला श्वास कधी कमी पडतोय, तिचे खांदे कधी उचलले जातायत, ते मला मागून दिसत होतं, आणि तिलाही माझं दिसत असणार. पुढं एक कऱ्हाडची नर्स दिसली, एकटीच वाऱ्याशी झुंजत होती. तिला गाठलं. आता आम्ही तिघी. वेग वाढला, आणि तिथून पुढं ती खरी शर्यत झाली. शेवटच्या वळणानंतर मी पुढं होते. शिक्षिका माझ्या मागून बाहेर पडली, सीटवरून उठली आणि गेली. नर्सही गेली. मी आमच्या तिघींत तिसरी. शिक्षिकेनं बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं. ज्या बाईनं इतका वेळ मला वाऱ्यातून ओढून नेलं, तिनंच मला हरवलं. नंतर आम्ही एकाच बाकावर बसून वडापाव खाल्ला आणि तिनं मला सांगितलं की मी फार लवकर जोर लावते, हे तिला मागून दिसत होतं.

चिमू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या ठिकाणी सापडतं. आमच्या पिढीच्या बायकांना जिंकावंसं वाटतं, पण ते लपवायची सवय लागलेली असते. बँकेत बढती हवी असते आणि आपण म्हणतो, मला काही पडलेलं नाही. घरात जावांमध्ये, सोसायटीत, लग्नकार्यात तुलना चालते, पण आडून. उघडपणे, एकमेकींच्या संमतीनं, "मी तुला हरवायला आलेय आणि तू मला" असं म्हणायची जागा मला पंचेचाळीस वर्षं कुणी दाखवली नव्हती. आणि त्या जागेवर पोचायला आधी त्याच बायकांना साथ द्यावी लागते, हे तर मला फारच आवडलं. एकटीनं कासला जाऊन ते मिळत नाही.

तू गणितातली, म्हणून तुला एक गोष्ट सांगते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, बायकांची रस्त्यावरची शर्यत १३७ किलोमीटरची होती. ऑस्ट्रियाची ॲना कीजनहोफर सुरुवातीलाच काही जणींबरोबर पुढं निघाली आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटीच गेली. ती गणितातली पीएचडी, संशोधन करणारी. त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार तिच्याकडं नव्हता. ऑलिंपिकमध्ये संघाशी बोलायला कानात रेडिओ नसतो, त्यामुळं पुढं अजून कुणी आहे हे मागच्या गटाला कळलं नाही आणि त्यांचा हिशेबच चुकला. नेदरलँड्सच्या व्हॅन व्ल्यूटननं रेषेवर हात उंचावले, तिला वाटलं आपणच पहिल्या. सोनं मात्र सव्वा मिनिट आधीच गेलेलं होतं. ही गोष्ट मी वाचली आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

आणि हेही बघ. आधुनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची शर्यत १८९६ ला पहिल्याच वर्षी झाली. बायकांची पहिली झाली ती १९८४ ला, लॉस एंजेलिसला. मी तेव्हा बालवाडीत होते. म्हणजे हे सगळं एवढं नवं आहे, त्यामुळं साताऱ्यात आम्ही बोटांवर मोजण्याइतक्या आहोत याचं मला नवल वाटत नाही, पण राग येतो. बायका येत नाहीत म्हणून वेगळी सुरुवात नाही, आणि वेगळी सुरुवात नाही म्हणून बायका येत नाहीत. आम्ही तिघी मिळून आयोजकांना भेटलो. पुढच्या वेळी बायकांना वेगळं सोडा, पुरुषांच्या दहा मिनिटं आधी किंवा नंतर, आणि अंतर तेवढंच ठेवा, एवढंच मागितलं. ते म्हणाले, निदान पंधरा-वीस नावं आणा.

म्हणून हे पत्र थोडं स्वार्थाचं आहे. पावसाळ्यानंतरच्या शर्यतीला तू ये, आणि होस्टेलवरच्या त्या दोघी धावणाऱ्या मुली आहेत ना, त्यांनाही आण. सायकलची सोय मी करते, नर्सबाईंकडं एक जादा आहे. बाबांना मी सांगितलंय. त्यांची भीती खोटी नाही, उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या मागं दिवा नसताना धावतात, म्हणून आम्ही पूर्ण उजाडल्याशिवाय निघत नाही आणि अंधार पडायच्या आत घरी असतो.

तोवर तिथं एवढं कर. सीट दुकानात आहे ती घेऊ नकोस. कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवून त्यावर बस, दोन हाडांचे खळगे उमटतील, त्यांच्यातलं अंतर मोज आणि त्या हिशेबानं सीटची रुंदी बघ. आपली ही दोन हाडं बहुधा पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात, आणि दुकानदार पुरुषांचीच सीट पुढं करतो. पॅडवाली चड्डी घेतलीस तर आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. ब्रेकचा दांडा तुझ्या बोटांना लांब पडेल, त्याला बारीक स्क्रू असतो, तो फिरवून जवळ आणून घे. क्लीटचे, म्हणजे पायडलमध्ये अडकणारे, बूट इतक्यात नकोत. पाळीचे दिवस आले तर सायकल बंद करायची गरज नाही. अंग ठीक असेल तर चालव, नसेल तर विश्रांती घे. तुझं तू ठरव, कुणाला कारण द्यायला जाऊ नकोस. आणि भूक लागायच्या आधी खात जा. खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे, काहीही.

नावं नोंदवायला तिघींची जन्मतारीख आणि रक्तगट लागतात. या आठवड्यात पाठव, म्हणजे मी यादी घेऊन जाते.

तुझी,
आई