डॅलसच्या त्या पाच जणांना

आदरणीय पाचही जणांना,

सा. न. वि. वि.

1966 मध्ये डॅलसच्या वैद्यकीय महाविद्यालयात तुम्ही वीस दिवस अंथरुणात पडून राहिलात. विशीतले धडधाकट तरुण, आजार कसलाच नाही. नुसतं पडून राहिलं की हृदयाचं काय होतं, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटलं. जोराच्या मेहनतीत शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं, ते प्रमाण सरासरी पाव हिश्श्याहून अधिक खाली आलं. मग जवळजवळ दोन महिने व्यायाम केलात आणि गेलेलं सगळं भरून निघालं.

त्याआधी हार्ट अ‍ॅटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायची पद्धत होती. ती मोडण्यात तुमच्या त्या वीस दिवसांचा मोठा वाटा आहे. माझ्या बाबांना बायपासनंतर सिस्टरांनी लवकरच उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं. छातीशी उशी घट्ट धरून ते एकेक पाऊल टाकत होते आणि आई म्हणत होती, "अहो, पडून राहू द्या ना त्यांना जरा!"

आता बाबा रोज झपाझप चालतात, मीही त्यांच्याबरोबर जाते. अशा नियमित व्यायामाने आधी रक्तातला द्रव वाढतो. मग हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो, हळूहळू ऐसपैस होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त पुरतं. ते 70 ठोक्यांत 70-70 मिलिलिटरने भागवता येतं किंवा 50 ठोक्यांत 100-100ने. ठोके कमी म्हणजे दोन ठोक्यांमधला विसावा लांब, आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्त मुख्यतः त्याच विसाव्यात मिळतं. मला हे फार सुंदर वाटतं.

पण सगळ्यात जास्त आभार तुम्ही पुन्हा आलात म्हणून. तीस वर्षांनी, पन्नाशीत, वजनं वाढलेली, तरी पाचही जण! तीस वर्षांच्या वयाने तुमची क्षमता जेवढी घटली नव्हती, तेवढी त्या वीस दिवसांनी घटली होती, हे तेव्हा कळलं. सहा महिने चाललात, जॉगिंग केलंत, सायकल मारलीत आणि विशीतल्या मूळ पातळीवर परत पोचलात. या खेपेला सुधारणा मुख्यतः स्नायूंची होती, आलेल्या रक्तातून ते जास्त ऑक्सिजन ओढून घेऊ लागले होते. हृदयाची कमाल ताकद फारशी वाढली नव्हती. हेही तुमच्यामुळेच समजलं. म्हणून बाबांना मी वेग वाढवायला सांगत नाही, रोज चला एवढंच सांगते.

आपली ऋणी,
एक सातारकर