चि. मुक्तास

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुला सलाईन लावलं होतं हे आम्हाला तुझ्या रूममेटकडून कळलं. आता बरी आहेस म्हणतेस, ठीक. त्यावर काही बोलायचं नाही असं आईने बजावलंय, म्हणून कामाचं लिहितो.

जाताना तू माझ्या संगणकावर रुबी या प्रोग्रामिंग भाषेतली जी हेल्पर फाइल ठेवून गेलीस, तिच्यामुळे पतपेढीच्या याद्यांचं काम फार हलकं झालं. आधी प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला तेच स्तोत्र: फाइल उघडा, व्हाइल लावा, ओळ घ्या, शेवटचं न्यूलाइन कापा, फाइल बंद करा. आता नुसतं 'ओळी' आणि पुढे फाइलचं नाव. आत डोकावलो तर रुबीचंच रीडलाइन्स निघालं, ओळीच्या शेवटचं न्यूलाइन कापणारं चॉम्प ट्रू लावलेलं. ही सोय २.४ मध्ये आली ना, २०१६ च्या डिसेंबरात? मी आपला अजून मॅप लावून चॉम्प करत बसलो होतो. सेक्रेटरींना मुद्दाम उघडून दाखवलं. त्यांना रुबी कळत नाही, पण 'ओळी' कळलं.

मोठ्या खातेवहीला मात्र मी फोरीच लावलंय. रीडलाइन्स अख्खी फाइल मेमरीत ओढतं. फोरीच एकेक ओळ देतं आणि शेवटी फाइल आपणहून बंद करतं. आणखी एक, एक्सेलमधून काढलेल्या यादीच्या अगदी सुरुवातीला तो न दिसणारा बॉम, म्हणजे एन्कोडिंगची खूण, असतो, त्यामुळे पहिल्याच खातेदाराचं नाव जुळत नाही. एन्कोडिंगमध्ये 'बॉम|यूटीएफ-८' दिलं की जुळतं. ते हेल्परमध्येच एकदा घालून टाक, म्हणजे दर स्क्रिप्टमध्ये नको.

पण चूक झाली तरी ती झाकून पुढे जाणारी तुझी ती रेस्क्यूची ओळ मला पटत नाही. फाइल सापडली नाही तर हेल्पर रिकामी यादी देतो. परवा एप्रिलच्या फाइलच्या नावात एक स्पेस जास्त होती, आणि स्क्रिप्टने ठेवींची बेरीज निमूटपणे शून्य छापली. रुबी बिचारी एरवी फाइलच्या नावासकट ओरडून सांगते, अशी फाइल नाही म्हणून. तिचं तोंड कशाला दाबायचं? आम्ही फोनवर विचारावं आणि तू 'सगळं मस्त, बाबा' म्हणावंस, हातात सुई असताना...

बोलणार नव्हतो.

पाचवीत सायकलवरून पडलीस तेव्हा मोजा गुडघ्यावर ओढून तशीच शाळेत गेली होतीस. रात्री मोजा जखमेला चिकटलेला, आजी कोमट पाण्याने सोडवत होती आणि तू हूं की चूं नाही. आजी कौतुकाने सगळ्या वाड्याला सांगत सुटली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

ताप अंगावर काढू नये. रात्रपाळीला नाही म्हणता आलं पाहिजे. आणि दुखतंय तर दुखतंय म्हणावं, त्यात कसली लाज? झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर, आईला सांगू नकोस.

तर रेस्क्यू तू काढतेस की मी काढू? काढलं तरी हेल्पर तुझाच राहील, वर तुझं नाव आहे ते तसंच ठेवीन. आणि प्लेटलेटचा दुसरा रिपोर्ट आला असेल तर फोटो काढून पाठव, 'नॉर्मल आहे' एवढंच लिहू नकोस.

आईने मेतकूट पाठवलंय, गुरगुट्या भाताबरोबर घे. त्याच डब्यात लवंगी शेव निघेल, ती काकाची करणी. इतक्यात खाऊ नकोस.

तुझे,
बाबा