नोंदवहीत अडलेली राजाज्ञा

महोदय,

‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या तोंडी घालायचे आणि अनियंत्रित राजेशाहीचा विषय दोन ओळींत उरकायचा, अशी आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तो असे बोलल्याचा समकालीन पुरावा नाही. शिवाय राजाचा हुकूम प्रत्यक्षात कुठे अडायचा, हे त्यातून कळतच नाही.

तो अडायचा पॅरिसच्या पार्लमाँत. (ही संसद नव्हे, वरिष्ठ न्यायालय; अशी पार्लमाँ प्रांतांतही होती.) तिथल्या दप्तरात नोंद झाल्याशिवाय राजाचा कायदा तिच्या हद्दीतल्या कोर्टांत चालत नसे. मजकूर पटला नाही की न्यायाधीश नोंद रोखून राजाकडे लेखी हरकत पाठवत. राजा नोंद करण्याचा सक्त हुकूम धाडे. तरीही गाडे हलले नाही, तर तो स्वतः दालनाच्या कोपऱ्यात छताखालच्या गाद्यांवर येऊन बसे आणि समोर नोंद करून घेई. या बैठकीला ‘न्यायशय्या’ म्हणत. राजा हजर झाला की न्यायाधीशांना दिलेला अधिकार त्याच्याकडे परत जातो, असा त्यामागचा युक्तिवाद. चौदाव्या लुईने १६७३ मध्ये ‘आधी नोंद, मग हरकत’ असा क्रम लावून ही कटकट मिटवली होती. १७१५ मध्ये त्याचेच मृत्युपत्र रद्द करून घेण्याच्या बदल्यात रीजंटने (बालराजा पंधराव्या लुईच्या वतीने कारभार पाहणाऱ्याने) जुना हक्क परत देऊन टाकला.

मग या मंडळींना सरळ काढून का टाकत नसत? पदे विकत घेतलेली होती. १६०४ पासून किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला की पद वारसाकडे जाई. काढायचे तर किंमत परत करायला हवी, आणि तिजोरीत खडखडाट!

सत्तेला सत्तेनेच आवर घालावा, हे १७४८ मध्ये मांडणारा विचारवंत माँतेस्क्यू बोर्दोच्या पार्लमाँत वारशाने न्यायाधीश झालेला. राजेशाहीतल्या पदविक्रीचे त्याने समर्थनही केले, हे पाठ्यपुस्तके सोयीस्कर गाळतात. लेखक व्होल्तेर नेमका उलट्या बाजूला. तुलूझच्या पार्लमाँने १७६२ मध्ये ज्याँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला चाकावर हाडे मोडून मारले होते. मेलेल्या कालासला निर्दोष ठरवून घेण्यात व्होल्तेरची तीन वर्षे गेली. म्हणूनच १७७१ मध्ये चॅन्सलर (न्यायखात्याचा प्रमुख) मोपूने पॅरिसच्या न्यायाधीशांना हद्दपार केले, तेव्हा व्होल्तेर राजाच्या, म्हणजे पंधराव्या लुईच्या, बाजूने उभा राहिला. प्रबोधनाला (एन्लाइटनमेंटला) राजाविरुद्धची एकमुखी आघाडी म्हणणाऱ्यांनी या दोघांना एका रांगेत बसवून दाखवावे.

सोळाव्या लुईने १७७४ मध्ये जुने न्यायाधीश परत आणले. रस्त्यांसाठीची वेठ बंद करणाऱ्या अर्थमंत्री त्युर्गोच्या कायद्याला त्यांनीच विरोध केला. १२ मार्च १७७६ रोजी राजाला न्यायशय्येवर बसून नोंद करून घ्यावी लागली. दोन महिन्यांत त्युर्गो घरी बसला आणि त्याच वर्षी वेठ परत आली.

– एक वाचक, सातारा